सिग्नल नसलेल्या रुळावरचा सांधा

6 जानेवारी 2005. अमेरिकेतल्या साऊथ कॅरोलायना राज्यातलं ग्रॅनिटव्हिल. पहाटे अडीचच्या सुमारास ताशी 75 किलोमीटरने निघालेली मालगाडी अचानक मेन लाइन सोडून कारखान्याच्या सायडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, शिरली आणि तिथे उभ्या असलेल्या गाडीवर आदळली. क्लोरीनची टाकी फुटून 9 जणांचा जीव गेला, हजारोंना घर सोडावं लागलं. ती गाडी आदल्या संध्याकाळी सायडिंगला लावणाऱ्यांनी हाताने फिरवलेला सांधा, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारी सरकती पाती, परत मेन लाइनला लावलाच नव्हता.

सिग्नलच्या मार्गावर रुळांतून हलका वीजप्रवाह खेळवलेला असतो. सांधा सायडिंगकडे फिरला की त्याचं सर्किट बिघडतं आणि येणाऱ्या गाडीपुढचा सिग्नल आपोआप लाल होतो. ‘डार्क टेरिटरी’त, म्हणजे बिनसिग्नलच्या मार्गावर, हा पहारेकरीच नसतो; ग्रॅनिटव्हिलचा मार्ग असाच होता. गाडी डिस्पॅचरच्या, म्हणजे दुरून वाहतूक सांभाळणाऱ्याच्या, परवानगीवर चालते. सांधा कुठे लागला आहे हे दाखवते ती शेजारची छोटी पाटी, आणि रात्री ती नजरेत येते तेव्हा ब्रेक लावून उपयोग नसतो; भरलेल्या मालगाडीला थांबायला किलोमीटरभर किंवा त्याहून जास्त अंतर लागतं. अशा मार्गावर मालगाडीला ताशी 80 किलोमीटरच्या आत राहावं लागतं खरं, पण ग्रॅनिटव्हिलची गाडी त्या मर्यादेतच होती!

या अपघातानंतर नियम कडक झाले. सांधा फिरवणाऱ्याने त्याची पाती रुळाला नीट चिकटली का हे डोळ्यांनी पाहायचं, कुलूप लावून ते ओढून बघायचं. खरी मेख पुढे आहे. मार्गाचा ताबा (तो रूळ वापरायची मिळालेली परवानगी) सोडण्याआधी, आणि सांध्यापासून हलण्याआधी, साथीदारांशी बोलून डिस्पॅचरला कळवायचं: सांधा मेन लाइनला लावला, कुलूप घातलं. डिस्पॅचर तेच उलट म्हणून दाखवतो, बरोबर का विचारतो, आणि होकार मिळाल्यावरच ताबा सुटतो. दमलेल्या माणसाला विसर पडणार हे इथे धरूनच चाललं आहे; म्हणून आठवण करायची ती सांध्यापाशी उभं असतानाच.

तरीही ही सगळी तपासणी शब्दांवरच चालते. 4 फेब्रुवारी 2018 ला त्याच राज्यात, केसी इथे, सुधारणेच्या कामासाठी सिग्नल बंद होते आणि सांधा सायडिंगकडेच राहिला. ॲमट्रॅक या अमेरिकेच्या राष्ट्रीय रेल्वे कंपनीची प्रवासी गाडी उभ्या मालगाडीवर आदळली, तिचे दोन कर्मचारी गेले. त्यानंतर अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने सुचवलं, की सिग्नल बंद असताना ‘सांधा मेन लाइनला लावला’ असा निरोप आला, तरी तिथून जाणाऱ्या पहिल्या गाडीने नजरेच्या टप्प्यात थांबता येईल इतक्या हळूच सांध्याजवळ यावं. मला हाच उपाय जास्त पटतो. वेळ जातो, पण निरोप खोटा निघाला तरी गाडी थांबू शकते.