सिरीयल नंबर वाचण्याची विद्या: ती कुठून आली, का मावळली

२०२१ च्या सुरुवातीला ॲपलने एक निर्णय घेतला. त्याची बातमी फार मोठी झाली नाही, पण जुनी यंत्रं विकणाऱ्या-घेणाऱ्यांना आणि दुरुस्ती करणाऱ्यांना तो चांगलाच जाणवला. नव्या उत्पादनांचे सिरीयल नंबर यापुढे ८ ते १४ अक्षर-अंकांचे, रँडम असतील, आणि त्यांत कारखाना, तारीख किंवा मॉडेल यांपैकी काहीच दडलेलं नसेल, असं कंपनीने आतल्या लोकांना कळवलं. तोवर मॅकच्या तळाशी छापलेल्या एका ओळीवरून ते यंत्र कोणत्या वर्षाचं, कोणत्या आठवड्याचं आणि नेमकं कोणतं मॉडेल, हे सांगता यायचं. अनेकांना तो आपला हक्कच वाटू लागला होता. वास्तविक ती ओळ गिऱ्हाइकासाठी कधीच नव्हती. ती कारखान्याची आणि दुरुस्ती खात्याची आपसातली टिपण होती. ती बाहेरच्यांना वाचता येत होती, एवढंच.

हे सर्वांत स्वच्छ दिसतं ते ह्युलेट-पॅकार्डच्या (एचपी) जुन्या मोजमाप उपकरणांवर. नंबरची रचना अशी: चार अंक, एक अक्षर, मग पाच अंक. पहिल्या दोन अंकांत ६० मिळवले की वर्ष निघतं, पुढचे दोन म्हणजे आठवडा, आणि अक्षर देशाचं: ए म्हणजे अमेरिका, जे म्हणजे जपान, जी म्हणजे जर्मनी. म्हणजे २५१९ए ने सुरू होणारा नंबर १९८५ च्या १९ व्या आठवड्याचा. पण इथे एक मेख आहे. उपकरणांच्या बाबतीत ही तारीख ते उपकरण बनल्याची नव्हेच. त्याच्या रचनेत शेवटचा महत्त्वाचा बदल कधी झाला, त्याची आहे. एकाच रचनेच्या सगळ्या उपकरणांचे पहिले चार अंक आणि अक्षर सारखंच, शेवटचे पाच अंक तेवढे प्रत्येकाचे वेगळे. सर्व्हिस मॅन्युअलमध्ये स्पष्ट लिहिलेलं असे की हे पुस्तक अमुक क्रमांकाने सुरू होणाऱ्या उपकरणांना लागू आहे. त्यानंतरच्यांसाठी बदलांची वेगळी पुरवणी पाहा. दुरुस्तीला बसलेल्या माणसाला उपकरणाचं वय नको होतं, आत कोणता सर्किट बोर्ड निघणार ते हवं होतं. १९७२ च्या एचपी-३५ पासूनच्या कॅलक्युलेटरांवरही हीच पद्धत आली. तिथे मात्र ते आकडे उत्पादनाच्या तारखेच्या जवळपास जातात, आणि संग्राहक बिनधास्त तसेच वाचतात.

१९८४ च्या पहिल्या मॅकिंटॉशने मॉडेलही नंबरातच घातलं. समजा नंबर आहे एफ-४-२०-०बीसी-एम०००१ (मधल्या रेघा माझ्या, सोयीसाठी). एफ म्हणजे कॅलिफोर्नियातला फ्रीमाँटचा कारखाना, ४ म्हणजे १९८४, २० हा आठवडा, एम०००१ हे मॉडेल. राहिलं ०बीसी. हा त्या आठवड्यातला क्रम, आणि तो ३४ च्या पायावर मोजलेला: शून्य ते नऊ आणि त्यापुढे इंग्रजी मुळाक्षरं, पण आय आणि ओ वगळून, कारण ती एक आणि शून्यासारखी दिसतात. बी म्हणजे ११, सी म्हणजे १२. ११ गुणिले ३४ अधिक १२, म्हणजे ३८६. त्या आठवड्यातलं ३८६ वं यंत्र.

पुढे ॲपलचा नंबर ११ जागांचा स्थिरावला: दोन जागा कारखान्याला, एक वर्षाला, दोन आठवड्याला, तीन क्रमाला आणि शेवटच्या तीन मॉडेलला. वर्षाला एकच अंक असल्यामुळे दर दहा वर्षांनी तोच अंक परत यायचा. प्रत्यक्षात फारसं अडायचं नाही. १९९३ आणि २००३ ची यंत्रं शेजारी ठेवली तर कुणाचीही गफलत होणार नाही. २०१० मध्ये १२ जागांची पद्धत आली. वर्षाच्या जागी आता अक्षर आलं आणि तेही अर्ध्या वर्षाचं: सी म्हणजे २०१० चं पहिलं सहामाही, डी दुसरं, एफ म्हणजे २०११ चं पहिलं, असं करत झेडपर्यंत. स्वर आणि बी सोडून उरलेली २० अक्षरं, म्हणजे बरोबर दहा वर्षं. २०१९ संपलं आणि अक्षरंही संपली. २०२० मध्ये सी पुन्हा सुरू. रँडम नंबरांचा निर्णय त्यानंतर वर्षभरात आला. हा निव्वळ योगायोग असेलही, पण वेळ सोयीची होती खरी.

या काळात मॉडेल सांगणाऱ्या शेवटच्या चार अक्षरांना विशेष महत्त्व होतं. ‘मॅकबुक प्रो, रेटिना, १३ इंच, मध्य २०१४’ हे लांबलचक नाव यंत्राच्या पोटात लिहिलेलं नसायचं. ‘अबाउट धिस मॅक’ उघडलं की यंत्र ती चार अक्षरं ॲपलच्या सर्व्हरला पाठवायचं आणि तिथून नाव यायचं. कोड उलगडणारी बाहेरची साधनंही मुख्यतः याच चार अक्षरांच्या यादीवर उभी होती.

बाकी कंपन्यांच्या बाबतीत ‘नंबरावरून मॉडेल’ ही कल्पना बरीच फसवी आहे. डेलचा सात जागांचा सर्व्हिस टॅग मॉडेलबद्दल स्वतःहून काहीच सांगत नाही. तो कंपनीच्या नोंदीतलं पान उघडणारी किल्ली आहे. त्याच्याखालचा एक्सप्रेस सर्व्हिस कोड हे वेगळं गुपित नव्हे. सर्व्हिस टॅगच ३६ च्या पायावरची संख्या मानून दशमानात लिहिला की तो कोड मिळतो, म्हणजे फोनच्या बटणांवर दाबायला अक्षरं लागत नाहीत. १०००००० असा टॅग असता तर कोड २१७६७८२३३६ झाला असता. तारीख हवी तर डेलच्या सुट्या भागांवरची पट्टी पाहावी: तिथल्या ३सी१ मध्ये वर्षाचा शेवटचा अंक ३, सी म्हणजे बारावा महिना, तारीख १. एचपीच्या संगणकांवरच्या दहा जागांच्या नंबरात चौथी जागा वर्षाची आणि पाचवी-सहावी आठवड्याची. मॉडेलसाठी वेगळा प्रॉडक्ट नंबर. आयबीएममध्ये यंत्राचा प्रकार चार अंकी असायचा (१९८१ चा पहिला पीसी म्हणजे ५१५०) आणि सिरीयल नंबर त्याच्याशिवाय अपुरा. थिंकपॅड लॅपटॉपसोबत ही सवय लेनोवोकडे गेली. आणि सुटे भाग आणून जोडलेल्या संगणकात बायोसला (संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला) सिरीयल नंबर विचारला तर बऱ्याचदा ‘टू बी फिल्ड बाय ओ.ई.एम.’ (यंत्र बनवणारी कंपनी भरेल) हेच उत्तर येतं. म्हणजे रकाना होता, भरायला कुणी बसलंच नाही.

नंबर बाहेरच्यांनी वाचले तर किती हाती लागतं, हे संगणकांच्या आधीच दुसऱ्या महायुद्धात दिसलं होतं. हाती आलेल्या जर्मन रणगाड्यांच्या गिअरबॉक्स आणि इतर भागांवरच्या क्रमांकांवरून दोस्तराष्ट्रांच्या विश्लेषकांनी उत्पादनाचा अंदाज बांधला. ऑगस्ट १९४२ साठी हेरखात्याचा आकडा होता महिन्याला १५५०, क्रमांकांवरून आलेला ३२७. युद्धानंतर सापडलेल्या जर्मन नोंदींत निघाले ३४२. २०११ मध्ये प्रोग्रामर मायकेल स्टाइल यांनी हीच युक्ती कमोडोर ६४ वर चालवली. या संगणकाची विक्री १.७ कोटींपासून ३ कोटींपर्यंत काहीही सांगितली जायची. लोकांकडच्या यंत्रांचे नंबर जमवून त्यांनी ती सुमारे १.२५ कोटींवर आणली.

कंपन्यांना हे आवडण्याचं कारण नाही. शिवाय रचना ठाऊक असली की न बनलेल्या यंत्राचा नंबरही खरा वाटेल असा रचता येतो, आणि वॉरंटीच्या खोट्या दाव्यांना ते फावतं. ॲपलने आपलं कारण जाहीर केलं नाही, पण मला ही दोन पुरेशी वाटतात.

मॉडेल ओळखण्याचं काम त्यामुळे अडलेलं नाही. तळाशी ए ने सुरू होणारा चार अंकी क्रमांक अजून छापला जातो. ए२४४२ म्हणजे २०२१ चा १४ इंची मॅकबुक प्रो. तो एका मॉडेलच्या सगळ्या यंत्रांवर सारखाच असतो, त्यामुळे समोरचं यंत्र कोणत्या आठवड्यात बनलं, हे त्यावरून कळत नाही. जुनं यंत्र विकत घेताना घासाघीस करायला तीच माहिती उपयोगी पडायची.