कर्ता दूर, भोक्ता किनाऱ्यावर : हवामान-नीतीच्या प्रश्नाची पार्श्वभूमी

हवामानबदलाच्या नैतिक चर्चेचा उगम शोधू गेले, तर आधी निसर्गाच्या मूल्याचा वाद लागतो. 1973 मध्ये नॉर्वेचे तत्त्वज्ञ आर्ने नेस यांनी सखोल परिसरवाद मांडला. माणसाच्या उपयोगाचा विचार बाजूला ठेवला तरी झाडाला, नदीला स्वतःचे मूल्य उरते, असे त्यांचे म्हणणे होते. त्याच दशकात माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वर्तक पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करीत होते. कोकणात अशा राया गावोगाव होत्या आणि ग्रामदेवतेला कौल लावल्याशिवाय तिथे कोयती चालत नसे. मात्र देवराईबाहेरचे रान याच काळात लाकूड आणि कोळशासाठी तुटत होते, हेही विसरता येत नाही. देवराईचा नियम टिकला, कारण तोडणारा आणि त्याचे परिणाम भोगणारा एकाच गावात राहत होते, एकाच देवळात बसत होते.

हवेत सोडलेल्या कार्बनने नेमके हेच नाते तोडले. जर्मन तत्त्वज्ञ हान्स योनास यांनी 1979 मध्ये दाखवून दिले की, आजवरचे नीतिशास्त्र जवळच्या माणसांपुरते होते, तर तंत्रज्ञानाने आलेल्या शक्तीचे परिणाम न जन्मलेल्या पिढ्यांपर्यंत जातात. म्हणून जबाबदारीही तितक्या लांबवर न्यावी लागेल.

भारताकडून या चर्चेत पडलेली सर्वांत मोलाची भर 1991 ची आहे. हवा तापवणाऱ्या वायूंच्या उत्सर्जनानुसार देशांची क्रमवारी लावणाऱ्या एका अमेरिकी संस्थेच्या अहवालाने भारताला मोठ्या उत्सर्जकांत बसवले होते. पर्यावरण अभ्यासक अनिल अग्रवाल आणि सुनीता नारायण यांनी त्या हिशेबाचाच पाया तपासला. भाताच्या खाचरातून आणि गुराढोरांपासून निघणारा मिथेन आणि श्रीमंत देशांतल्या मोटारींचा धूर एकाच तागडीत तोलता येणार नाही, आणि वातावरणाची शोषणक्षमता ही सर्व माणसांची समान मालमत्ता आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. खाचरात पाणी बांधून भात लावणाऱ्या कोकणी कुटुंबासाठी हा वाद कागदी नव्हता, त्याचे रोजचे जेवणच त्या हिशेबात गुन्हा ठरत होते. 1993 मध्ये अमेरिकी तत्त्वज्ञ हेन्री श्यू यांनी जगण्यासाठीचे उत्सर्जन आणि चैनीचे उत्सर्जन असा भेद मांडून त्याला तात्त्विक आधार दिला. मधल्या काळात, 1992 च्या रिओ परिषदेत, ‘समान पण वेगवेगळ्या प्रमाणातली जबाबदारी’ हे तत्त्व आंतरराष्ट्रीय करारात आले होते.

परंतु समान वाट्याचा हा हिशेब देशाच्या दरडोई सरासरीने होतो, आणि ती सरासरी देशाच्या सीमेवर थांबते. वल्ह्याची होडी घेऊन खाडीत जाणारा आणि मुंबईत वातानुकूलित इमारतीत राहणारा, दोघांचा हिशेब एकाच भारतीय सरासरीत मिसळतो. माझ्या मते देशांतर्गत न्यायाची ही बाजू आपण फार काळ मागे ठेवली.

त्याची किंमत 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर दिसली. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरुडच्या पट्ट्यात नारळ-सुपारीच्या वाड्या आडव्या झाल्या. मदतीचा नेहमीचा निकष हेक्टरी, आणि इथली वाडी मात्र गुंठ्यांत मोजायची. म्हणून झाडामागे मदत द्या, ही मागणी पुढे आली. सामायिक सातबाऱ्यावर अनेक नावे, त्यातले निम्मे भाऊबंद मुंबईला. अशा वेळी वाडी प्रत्यक्ष राखणाऱ्याला पंचनाम्यानंतरही संमतिपत्रे गोळा करीत फिरावे लागते. नवे सुपारीचे रोप फळ धरायला काही वर्षे घेते, आणि तेवढ्या वर्षांचे उत्पन्न कोणत्या रकान्यात लिहायचे, हे पंचनाम्याचा कागद सांगत नाही. एखाद्या वादळात हवामानबदलाचा वाटा किती, हे काटेकोर सांगणे कठीण. अरबी समुद्र तापतो आहे आणि तिथली चक्रीवादळे अधिक तीव्र होत आहेत, एवढे मात्र शास्त्रज्ञांनी नोंदले आहे.

भरपाईची जबाबदारी मान्य करण्याबाबत जगही असेच अडखळत आले आहे. 2015 मध्ये पॅरिस करार स्वीकारतानाच्या ठरावात, हानीविषयीचे कलम हे दायित्वाचा किंवा भरपाईचा आधार ठरणार नाही, असे स्पष्ट लिहून घेतले गेले. 2022 मध्ये इजिप्तमधल्या शर्म अल शेखच्या हवामान परिषदेत हानीसाठी निधी मान्य झाला खरा, पण त्यात देणे ऐच्छिकच राहिले. जुलै 2025 मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयाने, वानुआतू या बेटराष्ट्राच्या पुढाकारातून आलेल्या प्रकरणात, हवामानाचे रक्षण हे राज्यांचे कायदेशीर कर्तव्य असून ते मोडल्यास भरपाईही द्यावी लागू शकते, असा सल्लागार अभिप्राय दिला.

खारेपाटात, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या खाडीकाठच्या शेतजमिनीत, याच प्रश्नाची गुंतागुंत आणखी वाढते. उधाणाच्या भरतीला बांधाला खांड पडली की खारे पाणी शेतात शिरते आणि जमीन नापीक होते. त्यामागे चढता समुद्र आहे, तसाच वर्षानुवर्षे न दुरुस्त झालेला बांधही आहे. पूर्वी हे बांध गावकरी एकत्र येऊन राखत; 1979 च्या खारभूमी विकास कायद्यानंतर शासनाचा वाटा वाढला. आज बांध फुटल्यावर दूरच्या उत्सर्जकाकडे बोट दाखवून शासनाला सुटता येत नाही, आणि बांधाच्या दुरवस्थेवर सगळा दोष टाकून त्या उत्सर्जकालाही सुटता येत नाही.