लाल कोबीचा रंग थंडीत चढतो

लाल कोबीचं बी अगदी मोहरीसारखं दिसतं. काळपट, गोल, एका ग्रॅममध्ये साधारण 250 ते 300. दोघांचं कुळही एकच. पेरल्यावर पाच-सहा दिवसांत दोन दलं वर येतात, तेव्हा मात्र फरक कळतो: देठ जांभळा असतो. ट्रेमध्ये एखादं रोप नुसत्या हिरव्या देठाचं निघालं, तर ते भेसळीचं समजून उपटून टाकावं.

हा जांभळेपणा अँथोसायनिन या रंगद्रव्यांचा. जांभूळ आणि काळी द्राक्षं यांचा रंगही याच गटातल्या द्रव्यांमुळे. ती पाण्यात विरघळतात आणि पेशींमधल्या रिक्तिकेत, म्हणजे पाणी भरलेल्या पिशवीत, साठतात. पानात हरितद्रव्य असतंच, पण जांभळ्याखाली ते झाकलं जातं. रोप हा खर्च का करतं? थंडीत पानातली रासायनिक कामं मंदावतात, ऊन मात्र पडतच राहतं. न वापरलेली प्रकाशाची ऊर्जा पेशींना इजा करू शकते. अँथोसायनिन त्यातला काही प्रकाश स्वतः शोषून घेतं, असं मानलं जातं. म्हणूनच गारवा आणि भरपूर ऊन एकत्र मिळालं की रंग गडद होतो, आणि उकाड्यात तो फिका, हिरवट पडतो.

परसबागेतलं वेळापत्रक इथूनच ठरतं. गड्डा नीट भरायला 15 ते 20 अंशांचं हवामान सर्वांत चांगलं. लवकर येणारा हिरवा कोबी लावणीनंतर 60-70 दिवसांत काढता येतो. लाल कोबीला तीन महिने किंवा थोडे जास्तच लागतात. पुणे-नाशिककडे सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बी टाकलं, तर गड्डा ऐन थंडीत भरतो. डिसेंबरात हौस आली तर मोह आवरावा. मार्चच्या उन्हात गड्डा सैल राहतो, आणि कधी कधी धरतच नाही.

कोकोपीट आणि गांडूळखत समप्रमाणात घेऊन बी सेंटीमीटरभर खोल टाकावं. अंकुर दिसताच ट्रे उन्हात आणावा. सावलीत रोपं लांबुळकी होऊन माना टाकतात. पाणी जास्त झालं तर बुरशीमुळे ती बुडातून कोलमडतात. चार-पाच आठवड्यांत, चार-पाच पानं आली की लावणी करावी. वाफ्यात 45 सेंटीमीटर अंतर हवं, आणि गच्चीवर एका मोठ्या कुंडीत एकच रोप. दोन लावून दोन गड्डे मिळत नाहीत, दोन गड्ड्या पाल्याच्या मिळतात.

एक अडचण मात्र या रंगामुळेच होते. टोमॅटोची किंवा हिरव्या कोबीची पानं जांभळट दिसू लागली, की स्फुरद (फॉस्फरस) कमी पडत असल्याची शंका घेता येते. इथे ती खूण वापरता येत नाही, त्यामुळे शेणखत आणि थोडं हाडांचं खत लावणीच्या वेळीच घातलेलं बरं. उलट जांभळ्या पानावरची हिरवी अळी चटकन दिसते, हा फायदाच.

ही अळी बहुतेक वेळा चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची असते. हा पतंग मोहरीवर आवडीने अंडी घालतो, म्हणून शेतकरी कोबीच्या कडेने मोहरीच्या ओळी लावतात. घरी दोन-तीन कुंड्यांत मोहरी पेरली तरी चालतं, फक्त तिच्यावरच्या अळ्या नष्ट करायला विसरू नये. नाहीतर आपण अळ्यांची नर्सरीच चालवू. अळ्या मारणाऱ्या बीटी या जिवाणूची फवारणी केली तर ती संध्याकाळी करावी, कारण उन्हातल्या अतिनील किरणांनी तिचा प्रभाव लवकर ओसरतो.

गड्डा भरत आल्यावर पाण्याची शिस्त हवी. माती कोरडी पडू देऊन एकदम भरपूर पाणी दिलं, की आतली पानं झपाट्याने फुगतात आणि बाहेरची ताणून फाटतात. गड्डा दाबून कडक लागला की काढावा.

स्वयंपाकघरात रंग पुन्हा बदलतो. अँथोसायनिन आम्लात लाल, उदासीन द्रावणात जांभळं आणि अल्कलीत निळं-हिरवं दिसतं. आपल्याकडच्या विहिरी-बोअरच्या पाण्यात क्षार जास्त असले, तर भाजी शिजताना निळी पडते. ती बिघडलेली नसते. लिंबू पिळलं की गुलाबी होते. चिमूटभर खायचा सोडा टाकून मुलांना उलटा प्रयोगही दाखवता येईल.

राहिला प्रश्न पुढच्या वर्षीच्या बियांचा. कोबी द्विवर्षायू आहे, म्हणजे पहिल्या वर्षी वाढतो आणि दुसऱ्या वर्षी फुलतो. वाढलेल्या रोपाला कित्येक आठवडे सलग 10 अंशांखालची थंडी मिळाली, तरच त्याला फुलांचा दांडा येतो. निफाडचा पारा एखाद्या रात्री तिथवर घसरतो, पण दुपारी पुन्हा चढतो. त्यामुळे कोबीचं बी कुलू खोऱ्यासारख्या थंड डोंगराळ भागात तयार करतात, आणि आपल्याला पाकीट दरवर्षी नवं आणावं लागतं.