ठराव १३२५: सुरक्षा परिषदेच्या दारापर्यंतची वाट

३१ ऑक्टोबर २००० रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ठराव क्रमांक १३२५ एकमताने मंजूर केला. युद्धाची झळ स्त्रियांना वेगळ्या तऱ्हेने बसते, आणि युद्ध टाळताना, तह करताना, उद्ध्वस्त देश पुन्हा उभा करताना निर्णय घेणाऱ्यांत स्त्रिया असल्या पाहिजेत, हे परिषदेने स्वतंत्र ठराव करून मान्य करायला स्थापनेनंतर पंचावन्न वर्षे घेतली. श्रेय सहसा परिषदेला मिळते. प्रत्यक्षात हा ठराव तिच्याकडून मिळवावा लागला, आणि त्यासाठी झटलेल्या बहुतेकींना त्या सभागृहात ना मत होते ना खुर्ची.

मागणी बरीच जुनी. पहिले महायुद्ध पेटलेले असताना, एप्रिल १९१५ मध्ये, बारा देशांतल्या अकराशेहून अधिक स्त्रिया नेदरलँड्समधल्या हेग शहरात जमल्या. डच डॉक्टर आलेट्टा जेकब्स यांनी पुढाकार घेतला होता आणि अध्यक्षस्थानी अमेरिकेच्या जेन ॲडम्स होत्या. उत्तर समुद्रातली वाहतूक बंद झाल्यामुळे ब्रिटनमधून निघू पाहणाऱ्या बहुतेक जणी तिथवर पोहोचूच शकल्या नाहीत. परिषदेनंतर या स्त्रियांची शिष्टमंडळे लढणाऱ्या आणि तटस्थ देशांच्या राजधान्यांत जाऊन पंतप्रधानांना, परराष्ट्रमंत्र्यांना भेटली. युद्ध थांबले नाही. पण त्यातूनच ‘विमेन्स इंटरनॅशनल लीग फॉर पीस अँड फ्रीडम’ उभी राहिली, आणि २००० साली न्यूयॉर्कमध्ये पाठपुरावा करणाऱ्यांत हीच संघटना पुढे होती.

मधल्या काळात १९७५ पासून महिलांच्या जागतिक परिषदा भरत गेल्या. १९९५ च्या बीजिंग परिषदेच्या कृती आराखड्यात बारा विषय होते, त्यांत ‘स्त्रिया आणि सशस्त्र संघर्ष’ हा एक. तोवर बोस्निया आणि रवांडातला नरसंहार आणि स्त्रियांवरचे अत्याचार जगाने पाहिले होते.

रवांडाच्या एका खटल्यावर इथे थोडे थांबायला हवे. जाँ-पॉल अकायेसू हा ताबा या भागाचा महापौर. वंशसंहाराबद्दल त्याच्यावर आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणापुढे खटला चालला, पण मूळ आरोपपत्रात बलात्काराचा आरोपच नव्हता. सुनावणीत साक्षीदार स्त्रिया बोलू लागल्या. खंडपीठावरच्या एकमेव स्त्री न्यायाधीश, दक्षिण आफ्रिकेच्या नवनीतम पिल्ले, यांनी त्यांना पुढचे प्रश्न विचारले. बाहेर महिला हक्क संघटनांच्या आघाडीने न्यायाधिकरणाला निवेदन देऊन आरोपपत्र दुरुस्त करण्याची मागणी केली. जून १९९७ मध्ये ते दुरुस्त झाले. सप्टेंबर १९९८ च्या निकालाने बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते असे मान्य केले. साक्षीदारांचे धैर्य, न्यायाधीशांची जागरूकता आणि संघटनांचा रेटा यांतले एक जरी नसते, तरी तो निकाल तसा लागला असता असे मला वाटत नाही.

आता पुढचा प्रश्न होता: युद्धात होरपळलेली म्हणून स्त्रीची दखल घ्यायची, की तह ठरवणारी म्हणूनही? मे १९९९ मध्ये ‘इंटरनॅशनल अलर्ट’ या शांततेसाठी काम करणाऱ्या संस्थेने गावपंचायतीपासून वाटाघाटींच्या टेबलापर्यंत स्त्रियांना स्थान मागणारी मोहीम सुरू केली. ८ मार्च २००० रोजी सुरक्षा परिषदेचे दरमहा फिरणारे अध्यक्षपद बांगलादेशकडे होते. राजदूत अन्वारुल चौधुरी यांनी अध्यक्ष या नात्याने केलेल्या निवेदनात शांततेची सांगड थेट स्त्री-पुरुष समतेशी घातली. दार किलकिले झाले. त्याच वर्षी काही संस्थांनी मिळून कार्यगट स्थापन केला. त्यांनी संयुक्त राष्ट्रांचे जुने दस्तऐवज चाळले, देशांनी आधीच दिलेली आश्वासने एकत्र केली, ती राजदूतांपुढे ठेवली आणि मसुद्यासाठी भाषाही सुचवली. काम कंटाळवाणे, पण फळ त्यालाच आले. स्वतः कबूल केलेले शब्द कोणता देश नाकारणार?

ऑक्टोबरमध्ये अध्यक्षपद नामिबियाकडे आले आणि त्या देशाने विषय उचलून धरला. परिषदेतल्या खुल्या चर्चेच्या आदल्या दिवशी आरिया पद्धतीची बैठक झाली. व्हेनेझुएलाचे राजदूत दिएगो आरिया यांनी १९९२ मध्ये रूढ केलेल्या या अनौपचारिक बैठकीत बाहेरच्यांनाही सदस्यांशी बोलता येते. तिथे बोललेल्यांत ग्वाटेमालाच्या लुस मेंदेस होत्या. आपल्या देशाच्या शांतता वाटाघाटींत त्या स्वतः बसल्या होत्या. आठवड्याभरात ठराव झाला. त्यासाठी तडजोडही करावी लागली: शस्त्रव्यापारावर ठरावात अवाक्षर नाही. निःशस्त्रीकरणासाठी पिढ्यान्‌पिढ्या झगडलेल्यांना हे बोचणे स्वाभाविक होते.

२०१९ पर्यंत ‘स्त्रिया, शांतता आणि सुरक्षा’ या विषयावरच्या ठरावांची संख्या दहा झाली. त्यांतले कितीतरी लैंगिक हिंसाचारापासून संरक्षणावर आहेत, आणि ते गरजेचेच आहे. पण संरक्षणाचे आश्वासन सरकारांना सोपे जाते. खुर्ची देणे जड जाते. १९९२ ते २०११ मधल्या ३१ मोठ्या शांतता प्रक्रियांत वाटाघाटी करणाऱ्यांत स्त्रिया होत्या ९ टक्के, सह्या करणाऱ्यांत ४ टक्के. २००३ मध्ये लायबेरियाच्या स्त्रियांना घानातल्या अक्रात, शांतता कार्यकर्त्या लेमा बोवी यांच्या नेतृत्वाखाली, तहाची बोलणी चाललेल्या सभागृहाची दारे अडवून बसावे लागले, ते ठराव होऊन तीन वर्षे लोटल्यावर.

भारताने २००७ मध्ये त्याच लायबेरियात संयुक्त राष्ट्रांच्या मोहिमेतली पहिली संपूर्ण महिला पोलीस तुकडी पाठवली. ती कामगिरी अभिमान वाटावा अशीच आहे. देशात मात्र चित्र निराळे. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या नागा मदर्स असोसिएशनने १९९४ पासून ‘आणखी रक्त सांडू नका’ ही मोहीम चालवली, भूमिगत नागा गटांशी आणि सरकारशी बोलणी केली, आपसांतल्या हत्या थांबवण्यासाठी गळ घातली. ऑगस्ट २०१५ मध्ये केंद्र सरकार आणि एनएससीएन (आयएम) ही सशस्त्र नागा संघटना यांच्यात रूपरेषा करार झाला, तेव्हा सह्या करणारे सगळे पुरुष होते. ठराव १३२५ राबवण्यासाठी नेपाळने २०११ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा केला. भारताने तो अजून केलेला नाही.