कॅम तोच, लिफ्ट जास्त

30 सेंटिमीटरची पट्टी घ्या आणि 12च्या खुणेखाली खोडरबर सरकवा. आखूड टोक 1 सेंटिमीटर खाली दाबलंत की लांब टोक दीड सेंटिमीटर वर येतं, कारण 18 भागिले 12 म्हणजे दीड. शाळेतली तरफ ती हीच. पुशरॉडच्या इंजिनात कॅम, म्हणजे उंचवटे असलेला फिरता दांडा, पुशरॉड नावाची काठी वर ढकलतो. हेडवर, म्हणजे सिलिंडरांवरच्या झाकणावर, बसलेला रॉकरही हीच पट्टी आहे, फक्त उलटी: पुशरॉड आखूड टोक वर ढकलतो आणि लांब टोक व्हॉल्व्ह, म्हणजे सिलिंडरची झडप, खाली दाबून उघडतं.

शेव्हरलेचं 1955 सालचं स्मॉल ब्लॉक व्ही-8 घ्या. त्याच्या रॉकरचं गुणोत्तर 1.5. याच घराण्यातल्या 5.7 लिटरच्या 350 इंजिनात वर्षानुवर्षं जो साधा कॅम बसायचा, त्याचा इनटेकचा लोब, म्हणजे हवा आत घेणाऱ्या व्हॉल्व्हचा उंचवटा, पुशरॉडला 6.6 मिलिमीटर उचलतो. व्हॉल्व्ह उघडतो 9.9. रॉकर 1.6चा लावला तर जेमतेम 10.6. कॅम बदलायचा तर रेडिएटरपासून टायमिंग कव्हरपर्यंत सगळं सोडवावं लागतं. रॉकरसाठी व्हॉल्व्ह कव्हर काढलं की झालं. हौशी मंडळींचा जीव रॉकरवर जडतो तो म्हणूनच.

पाऊण मिलिमीटरही नाही, त्यानं काय होणार? हवा शिरते ती व्हॉल्व्हच्या कडेभोवतीच्या फटीतून, आणि फटीचं क्षेत्रफळ म्हणजे परीघ गुणिले लिफ्ट (व्हॉल्व्ह जितका उघडतो ते अंतर). म्हणजे फट जवळजवळ 7 टक्के वाढली. लिफ्ट व्यासाच्या पाव झाली की फट व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. त्यापुढे उघडून हाती फारसं लागत नाही. या इंजिनातला व्हॉल्व्ह 49 मिलिमीटरचा, त्याचा पाव 12च्या वर. 10.6 अजून अलीकडेच आहे.

आता वसुली. व्हॉल्व्हची स्प्रिंग 100 किलोच्या जोराने विरोध करत असेल, तर पुशरॉडवर 1.5च्या रॉकरने 150 किलो येतात आणि 1.6ने 160. शिवाय व्हॉल्व्ह तेवढ्याच वेळात जास्त अंतर कापतो, म्हणजे त्याचा वेग वाढतो. त्याला लगाम घालायला स्प्रिंग कडक हवी, आणि स्प्रिंग कडक केली की कॅमवरचा भार आणखी चढतो. स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकत नाहीत ना, व्हॉल्व्ह पिस्टनला शिवत नाही ना, हेही बघावं लागतं.

एक भानगड मात्र पट्टीवरच दिसते. व्हॉल्व्ह आणि स्टड (रॉकर ज्यावर झुलतो तो खुंटा, म्हणजे आपलं खोडरबर) हेडमध्ये पक्के, म्हणजे 18ची बाजू हलत नाही. 1.6 हवे असतील तर 12ची बाजू 11.25 करावी लागते: पुशरॉड स्टडच्या जवळ सरकतो आणि जुन्या हेडमधल्या अरुंद खाचेला घासतो. मग कानस घेऊन खाच लांबवायची.

1996च्या कॉर्व्हेटमध्ये एलटी4 इंजिनाला कारखान्यातूनच 1.6चे रोलर रॉकर आले. कॉर्व्हेटच्या नेहमीच्या एलटी1 इंजिनाचे 300 हॉर्सपॉवर होते, याचे 330. पण हेड आणि कॅमही बदलले होते, तेव्हा सगळं श्रेय रॉकरला देऊ नये.

आणि रॉकरच्या डब्यावर छापलेला गुणोत्तराचा आकडाही जसाच्या तसा मानू नये. रॉकर फिरतो तसं त्याचं टोक व्हॉल्व्हच्या दांड्यावर सरकतं, म्हणून गुणोत्तर उघडझापेत थोडं थोडं बदलतं. पत्र्याच्या दाबीव रॉकरमध्ये तर 1.5 म्हणून घेतलेला त्याहून कमीच भरलेला आढळतो. स्प्रिंगच्या टोपीवर डायल गेज, म्हणजे अंतर मोजणारा काट्याचा मापक, टेकवायचा, क्रँक हाताने सावकाश फिरवायचा आणि काटा कुठवर जातो ते बघायचं.