मलायाचा बॅडमिंटन संघ

मलाया नावाचा देश आज नकाशावर नाही, पण थॉमस कपच्या, म्हणजे बॅडमिंटनमधल्या पुरुष संघांच्या जागतिक स्पर्धेच्या, विजेत्यांची यादी उघडली की पहिलं नाव मलायाचं येतं, आणि दुसरं नि तिसरंही. १९४९, १९५२ आणि १९५५ असे पहिले तिन्ही कप या संघाने जिंकले. आजच्या बऱ्याच याद्यांमध्ये हे तिन्ही सरळ मलेशियाच्या खात्यात टाकलेले असतात, त्यामुळे नव्या पिढीला मलाया नावाचा वेगळा संघ होता हेच कळत नाही, म्हणून ही नोंद जरा सविस्तर.

मलाया म्हणजे मलय द्वीपकल्पातली संस्थानं, शिवाय पेनांग आणि मलाक्का. १ फेब्रुवारी १९४८ ला त्यांचं फेडरेशन झालं, पण राज्य ब्रिटिशांचंच होतं. स्वातंत्र्य मिळालं ३१ ऑगस्ट १९५७ ला. म्हणजे तिन्ही कप जिंकले तेव्हा हा देश स्वतंत्र नव्हताच. आणि सिंगापूर तर फेडरेशनमध्येही नव्हतं, ती ब्रिटिशांची वेगळी वसाहत होती, तरी सिंगापूरचे खेळाडू मलायाकडूनच खेळायचे, त्यात कोणाला काही वावगं वाटत नसे. राजकीय नकाशा एक आणि बॅडमिंटनचा नकाशा वेगळा, असं ते होतं.

खेळ तिथे गेला ब्रिटिशांबरोबर. १८७० च्या दशकात आपल्या पुण्यात ब्रिटिश अधिकाऱ्यांनी ज्याचे नियम बसवले आणि ज्याला एकेकाळी 'पूना' म्हणायचे तोच हा खेळ, पण मलायात तो साहेबांच्या क्लबात अडकून राहिला नाही. नेट बांधायला दोन खांब आणि थोडं मोकळं अंगण एवढ्यावर काम भागायचं. संघातले बहुतेक खेळाडू चिनी वंशाचे असले तरी मलय खेळाडूही होते. मलायाची बॅडमिंटन असोसिएशन १९३४ ची, आंतरराष्ट्रीय फेडरेशन निघालं तेही त्याच वर्षी.

थॉमस कप सर जॉर्ज थॉमस यांनी १९३९ मध्येच देऊ केला होता, पण महायुद्ध आलं आणि सगळं लांबलं, पहिली स्पर्धा झाली ती थेट १९४८-४९ ला, दहा देशांमध्ये. आता तीन सिंगल्स आणि दोन डबल्स अशा पाच मॅचची लढत असते, तेव्हा नऊची असायची, पाच सिंगल्स आणि चार डबल्स, तीही दोन दिवसांत विभागून. म्हणजे एखादा हिरो असून भागायचं नाही, खालच्या नंबरचे खेळाडू आणि डबल्सच्या जोड्या पण तितक्याच पक्क्या लागायच्या, आणि मलायाचं बळ नेमकं तिथेच होतं. सेमीफायनल झाली स्कॉटलंडमध्ये ग्लासगोला, समोर अमेरिका. अमेरिकेकडे डेव्ह फ्रीमन होता, त्या काळातला सिंगल्सचा सर्वात जबरदस्त खेळाडू, पण एकटा फ्रीमन किती मॅच जिंकणार? मलायाने ६-३ ने बाजी मारली आणि मग इंग्लंडमधल्या प्रेस्टनला फायनलमध्ये डेन्मार्कचा ८-१ असा फडशा पाडला. त्याच वर्षी ऑल इंग्लंड या इंग्लंडमधल्या मानाच्या स्पर्धेत उई टेक हॉक आणि तिओ सेंग खून यांनी डबल्स जिंकलं, सिंगल्सच्या फायनलमध्ये मात्र उई फ्रीमनकडून हरला.

या संघातल्या वाँग पेंग सूनबद्दल थोडं थांबून लिहायलाच हवं. जन्म जोहोर बारूचा, पण सगळी कारकीर्द सिंगापूरशी जोडलेली. त्याचा बॅकहँड हा तेव्हाचा बोलण्याचा विषय होता, कारण बाकीच्यांना जिथे फूल (शटल) कसंबसं परतवणं एवढंच जमायचं तिथून हा हल्ला करायचा. ऑल इंग्लंडचं सिंगल्स म्हणजे तेव्हा अनधिकृत वर्ल्ड चॅम्पियनशिपच. १९४७ ला आपले प्रकाश नाथ तिथे फायनलपर्यंत पोचून हरले होते. १९५० ला वाँगने ते जिंकलं, असं करणारा तो पहिला आशियाई, आणि नंतर १९५१, १९५२ आणि १९५५ ला पुन्हा. १९५५ ला तो पस्तिशी ओलांडलेला होता आणि फायनलला समोर होता त्याच्याच संघातला एडी चूंग.

एडी पेनांगचा. उंची जेमतेम सव्वापाच फूट, त्यामुळे उंच माणसाला जे हात वर केला की मिळतं ते त्याने उडी मारून मिळवलं. हवेत उडून मारलेला स्मॅश आज शाळेतली पोरंही मारतात, पण त्या काळात लोक एडीचा खेळ बघायला यायचे ते त्या उड्यांसाठी. शिकायला इंग्लंडला होता, त्यामुळे युरोपातल्या स्पर्धा भरपूर खेळला. १९५३, १९५४, १९५६, १९५७ ही चार ऑल इंग्लंड त्याची. वाँगची चार आणि एडीची चार जोडली तर १९५० ते १९५७ सलग आठ वर्षं हा मान मलायाच्या दोनच माणसांकडे होता! डबल्सला एडी आणि त्याचा मोठा भाऊ डेव्हिड यांनी १९५१ ते १९५३ अशी तीन वर्षं घेतली, १९५४ ला उई टेक हॉक आणि ऑंग पो लिम. हा ऑंग मूळचा बोर्निओ बेटावरच्या सारावाकमधल्या कुचिंगचा, नंतर सिंगापूरचा, त्याची 'क्रोकोडाइल सर्व्ह' फार गाजली.

तेव्हाच्या नियमानुसार कप ज्याच्याकडे आहे त्याने घरी बसून वाट बघायची, बाकीचे आपसात खेळून एक जण आव्हान द्यायला येणार. १९५२ ला सिंगापूरमध्ये अमेरिका आली आणि ७-२ ने हरली. इथे भारताचा एक धागा आहे. त्या वेळी सिंगापूरलाच भारताने डेन्मार्कला ६-३ ने हरवलं होतं आणि मग अमेरिकेकडून ४-५ असा निसटता पराभव झाला, एक मॅच इकडची तिकडे झाली असती तर मलायासमोर भारत उभा असता. १९५५ ला पुन्हा डेन्मार्क, पुन्हा ८-१. पुढच्याच वर्षी आपल्या सांगलीच्या नंदू नाटेकरांनी क्वालालंपूरला सेलांगोर इंटरनॅशनल जिंकलं, भारतीय बॅडमिंटनपटूने परदेशात जिंकलेलं पहिलं आंतरराष्ट्रीय विजेतेपद ते हेच. बॅडमिंटनमध्ये तेव्हा मलाया म्हणजे काय होतं हे लक्षात घेतलं तर नाटेकरांनी नेमकं कुठे जाऊन काय केलं ते जास्त नीट समजतं.

स्वातंत्र्य आलं आणि त्यानंतरच्या पहिल्याच थॉमस कपमध्ये, १९५८ ला, कप गेला. सिंगापूरच्या गिलेमार्ड रोडवरच्या बॅडमिंटन हॉलमध्ये इंडोनेशियाने ६-३ ने हरवलं. इंडोनेशिया पहिल्यांदाच या स्पर्धेत उतरला होता, पण फेरी सोनेविल आणि तान जो हॉक या दोघांना आवरणं मलायाला जमलं नाही. वाँग तोवर बाजूला झाला होता, आणि एकट्या एडीवर किती भार टाकणार. जो हिशोब १९४९ ला फ्रीमनच्या बाबतीत मांडला गेला तोच आता मलायाच्या वाट्याला आला.

तरी संघ संपला नव्हता. १९५९ ला तेह क्यू सान आणि लिम से हप यांनी ऑल इंग्लंडचं डबल्स जिंकलं. त्याच वर्षी आशियाई बॅडमिंटन संघटना क्वालालंपूरला स्थापन झाली आणि १९६२ ला पहिली आशियाई चॅम्पियनशिप तिथेच भरली, सिंगल्स तेह क्यू सानने घेतलं. थॉमस कप मात्र मलाया या नावाने परत मिळाला नाही.

१६ सप्टेंबर १९६३ ला मलाया, सिंगापूर, सारावाक आणि सबाह मिळून मलेशिया झाला आणि मलायाचा संघ या नावाने खेळणं बंद झालं. सिंगापूरने या विलीनीकरणासाठी १ सप्टेंबर १९६२ ला जनमत घेतलं, त्याची मतं मोजली गेली ती गिलेमार्ड रोडच्या त्याच बॅडमिंटन हॉलमध्ये, जिथे १९५८ ला कप गेला होता. ९ ऑगस्ट १९६५ ला सिंगापूर मलेशियातून बाहेर पडलं आणि एकेकाळी एकाच संघात खेळलेले लोक दोन देशांचे झाले. मलेशियाने १९६७ ला जाकार्तामध्ये इंडोनेशियाला ६-३ हरवून कप मिळवला. प्रेक्षकांच्या गोंधळामुळे तेव्हा ४-३ वर खेळ थांबवावा लागला होता आणि उरलेल्या मॅच दुसरीकडे खेळायला इंडोनेशिया तयार झाला नाही, त्यामुळे निकाल तसा दिला गेला. मग १९९२ ला क्वालालंपूरला आणखी एक.

म्हणून मलेशियाचे थॉमस कप पाच असं सगळीकडे लिहिलेलं सापडतं. ते चुकीचं नाही, वारसा त्यांच्याकडेच गेलाय. पण माझ्या मते यादीत पहिल्या तीन कपांपुढे मलाया असंच लिहायला हवं, कारण त्या संघात सिंगापूरचे वाँग आणि ऑंग होते आणि सिंगापूरच्या नावावर आज एकही थॉमस कप नाही.