बंब, गीझर आणि हरवलेले धुराडे

ठाणे आणि नवी मुंबई या खाडीच्या दोन काठांवरच्या शहरांत खोली उबदार ठेवण्यासाठी सहसा कोणी यंत्र बसवत नाही. जानेवारीतल्या मोजक्या पहाटा सोडल्या तर इथली थंडी एका गोधडीत भागते. आपल्या घरात उष्णता निर्माण करणारे खरे ताकदवान साधन असते ते न्हाणीघरात, आंघोळीचे पाणी तापवण्यासाठी. त्याच्याविषयीच्या तक्रारी प्रत्येक सोसायटीत जवळपास सारख्याच असतात. गीझर लावला की एमसीबी पडतो, नळाला करंट येतो, टाकी गळते, गॅसचा गीझर मध्येच विझतो, आंघोळ करून बाहेर आल्यावर डोके जड होते. यातली प्रत्येक तक्रार त्या त्या यंत्राचा दोष म्हणून मिस्त्रीच्या स्वाधीन केली जाते. परंतु गेल्या शंभर-दीडशे वर्षांत पाणी तापवण्याची आग परसातून न्हाणीत, न्हाणीतून चाळीच्या मोरीत आणि मोरीतून फ्लॅटच्या बंद बाथरूममध्ये कशी आली, हे पाहिले, तर यातले बहुतेक बिघाड एकाच कारणाशी जाऊन मिळतात असे माझे मत आहे. आग आत आली, पण तिच्यासोबत असलेली हवा, धूर जाण्याची वाट आणि राखलेले अंतर यांची सोय आत आली नाही.

बंब ज्यांनी पाहिला आहे त्यांना हे लवकर पटेल. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी मागच्या पडवीत तांब्याचा बंब होता. पोटाशी फुगीर अशा त्या भांड्याच्या मधोमध एक उभे नळकांडे होते, तळाशी लोखंडी जाळी, आणि नळकांड्याच्या वरच्या टोकावर पत्र्याचे धुराडे. जाळीवर करवंट्या, लाकडाच्या ढलप्या किंवा वखारीतून आणलेला भुसा पेटवला की ज्वाळा नळकांड्यातून वर जाई आणि सभोवतीचे पाणी तापे. आग अशी सर्व बाजूंनी पाण्याने वेढलेली असल्यामुळे उष्णता फारशी वाया जात नसे. आजच्या भाषेत ती उत्तम रचना म्हणावी लागेल. नरकचतुर्दशीच्या पहाटे आजी पहिली उठून बंबात पाणी भरे आणि मगच काडी ओढी. हा क्रम कधीही उलटा होत नसे. बंब कोरडा पेटवला तर सांध्यांचा डाख वितळतो आणि भांडे गळू लागते, हे घरातल्या लहान मुलालाही ठाऊक होते. निखाऱ्यांतून विषारी वायू तेव्हाही निघत होताच, पण धुराडे पडवीच्या कौलांबाहेर काढलेले होते आणि पडवीला एका बाजूने भिंतच नव्हती.

आपण ज्याला गीझर म्हणतो त्याचा उगम मात्र लंडनमधला आहे. बेंजामिन वॅडी मॉन या रंगाऱ्याने १८६८ साली गॅसवर पाणी तापवणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले आणि आइसलँडमधल्या उकळत्या कारंज्यावरून त्याला ‘गीझर’ हे नाव दिले. त्याच्या यंत्रात जळत्या गॅसचा गरम झोत वरून पडणाऱ्या पाण्याशी थेट भिडत असे, आणि त्याला धुराडे नव्हते. जळलेला वायू न्हाणीघरातच पसरायचा. म्हणजे हा दोष या साधनाच्या जन्मापासूनचा आहे. पुढे १८८९ च्या सुमारास अमेरिकेत पिट्सबर्ग येथे एडविन रूड या नॉर्वेजियन अभियंत्याने आपोआप चालू-बंद होणारी, साठ्याची टाकी असलेली पद्धत बसवली, आणि १८९० च्या दशकात जर्मनीतल्या डेसाऊ येथे ह्यूगो युंकर्स यांनी वायूची उष्णता मोजण्याच्या आपल्या उपकरणावरून स्नानगृहासाठी गॅसचा पाणीतापक तयार केला. हे तेच युंकर्स, ज्यांचे नाव नंतर विमानांमुळे गाजले. अमेरिकेत घरगुती यंत्रासाठी ‘गीझर’ हा शब्द रुजला नाही. इंग्रजांच्या वसाहतींत तो टिकला, आणि आपण तर विजेच्या टाकीलाही तेच नाव दिले.

वीज पाणी तापवू शकली ती एका मिश्रधातूमुळे. निकेल आणि क्रोमियम यांच्या ज्या तारेचे पेटंट अल्बर्ट मार्श यांना १९०६ साली मिळाले, ती लालबुंद झाली तरी हवेत जळून जात नाही. आपल्या गीझरचे कॉइल, इस्त्री आणि टोस्टर ही सारी त्याच तारेची अपत्ये आहेत. थंड देशांत भिंतीच्या तळाशी, जमिनीलगत बसवतात तो लांबट बेसबोर्ड हीटरही याच तारेवर चालतो. कॅनडात नोकरीला गेलेली आपली मुले पहिल्या हिवाळ्यात फोन करून सांगतात की हीटर लावताच जळका वास येतो. तो बहुधा उन्हाळाभर पत्र्यांवर साचलेल्या धुळीचा असतो आणि झाडून घेतल्यावर जातो. मात्र पडदा किंवा सोफा त्याला टेकलेला असेल, तर तो वास दुर्लक्षिण्याजोगा नव्हे. तिथल्या भिंतीवरच्या गॅस हीटरची सर्वांत नेहमीची तक्रार, म्हणजे सतत तेवणारी छोटी ज्योत पुन्हा पुन्हा विझणे, ही थर्मोकपलशी निगडित असते. दोन वेगळ्या धातूंचा सांधा तापवला की किंचित वीज निर्माण होते, हे भौतिकशास्त्रज्ञ झेबेक यांनी १८२१ साली दाखवले होते. त्या काही मिलिव्होल्टवर गॅसची झडप उघडी धरलेली असते, आणि सांध्यावर काजळी बसली किंवा तो जुना झाला की झडप मिटते.

आपल्याकडे घरोघरी वीज आली तेव्हा ती दिवा, पंखा आणि रेडिओपुरती होती. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ १९६० साली स्थापन झाले, नवी मुंबई वसवणारी सिडको १९७० साली. ठाण्याच्या चाळींत आणि वाशीच्या सुरुवातीच्या लहान सदनिकांत पाच अँपिअरचे पॉइंट भिंतीभिंतीवर असत, पण पंधरा अँपिअरचा ‘पॉवर पॉइंट’ एखादाच, तोही बहुधा स्वयंपाकघरात. दोन किलोवॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ नऊ अँपिअर ओढतो आणि तीन किलोवॅटचा तेरा. हा भार बारीक तारेवर आणि सैल सॉकेटवर पडला की काय होते, हे पाहायचे असेल तर जुन्या गीझरचा प्लग काढून हातात घ्यावा. एका पिनेभोवतीचे बॅकेलाइट आधी तपकिरी, मग काळे पडलेले आणि कडेला फुगलेले दिसते. गीझर अजून चालत असतो, म्हणून तिकडे कोणाचे लक्ष जात नाही.

अर्थिंगची कथा याहून महत्त्वाची आहे. जुन्या इमारतींत अर्थिंगची तार पाण्याच्या लोखंडी नळाला बांधून मोकळे होण्याची पद्धत सर्रास होती, आणि नळ जमिनीपर्यंत लोखंडी होता तोवर ती बऱ्यापैकी चालूनही जात होती. पुढे गंजलेले नळ काढून सोसायट्यांनी प्लॅस्टिकचे पाइप टाकले. प्लंबरने आपले काम चोख केले, पण त्याच दिवशी त्या विंगेतल्या अनेक घरांचे अर्थिंग गेले आणि ते कोणाला कळलेही नाही. गीझरच्या कॉइलची तार तांब्याच्या नळीत मॅग्नेशियम ऑक्साइडच्या भुकटीत बसवलेली असते. नळीला बारीक छिद्र पडून ओल आत शिरली की करंट पाण्यात उतरतो. अर्थिंग शाबूत असेल तर तो जमिनीत जातो, नसेल तर नळ धरलेल्या ओल्या हातातून. तीस मिलिअँपिअरच्या गळतीला पडणारा आरसीसीबी नावाचा स्विच अशा वेळी क्षणाच्या आत वीज तोडतो; साधा एमसीबी तोडत नाही, कारण तो तारेच्या रक्षणासाठी आहे, माणसाच्या नव्हे. पाणी गरम करण्याच्या रॉडचे धोकेही याच जातीचे. बादलीत तो चालू ठेवून पाणी किती तापले हे बोटाने पाहण्याची सवय अनेकांच्या जिवावर बेतली आहे. आणि कोरडा लावला की रॉड जळतो, हा तर बंबाचाच जुना नियम झाला. साठ्याच्या गीझरसाठी आयएस २०८२ आणि रॉडसाठी आयएस ३६८ ही भारतीय मानके आहेत, आणि २००३ च्या गुणवत्ता नियंत्रण आदेशानंतर अशा उपकरणांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे झाले. तरीही नाक्यावर बिनछापाचा रॉड मिळतो.

टाकी गळण्याचे मूळ पाण्यात आहे. भातसा किंवा मोरबे धरणाचे पावसाळी पाणी तसे मृदू असते. परंतु घोडबंदर रस्त्यावरच्या संकुलांत उन्हाळ्यात टँकरचे किंवा बोअरवेलचे पाणी मिसळते आणि त्यात विरघळलेले क्षार तापल्यावर कॉइलवर बसतात. पांढऱ्या थराखाली कॉइलची उष्णता पाण्यात जात नाही, ते स्वतःच तापत राहते आणि एक दिवस उडते. त्याआधी कित्येक दिवस टाकीतून चरचर ऐकू येत असते. टाकीत एक मॅग्नेशियमची कांडी असते, जी पोलादाऐवजी स्वतः झिजते. ती वर्ष-दोन वर्षांनी तपासायची असते, हे गीझर विकताना फारसे कोणी सांगत नाही. ती संपली की गंज टाकीच्या जोडावर उतरतो.

आता गॅसविषयी, कारण माणसे दगावतात ती मुख्यतः इथे. घरगुती वापराचा एलपीजी मुंबईत १९५५ साली बर्मा-शेल कंपनीने आणला, पण कित्येक दशके तो शेगडीपुरताच होता. महानगर गॅस १९९५ साली स्थापन झाली आणि पुढे पाइपचा गॅस ठाणे-नवी मुंबईतही पोहोचला. विजेचे बिल वाढत असताना भिंतीवर मावणारा, लगेच पाणी देणारा गॅस गीझर लोकांना सोयीचा वाटला यात नवल नाही. तीन किलोवॅटचा विजेचा गीझर मिनिटाला पावणेदोन लिटर पाणी पंचवीस अंशांनी तापवतो, तर गॅसचा सहा लिटर. मात्र त्यासाठी त्याला सुमारे बारा किलोवॅटची ज्योत लागते, म्हणजे ताशी एक किलोच्या आसपास गॅस. एक किलो गॅस पूर्ण जळायला पंधरा किलोहून अधिक, म्हणजे साधारण तेरा घनमीटर हवा लागते. चार फूट बाय सहा फुटांच्या बाथरूममध्ये आठ फूट उंचीपर्यंत धरली तरी साडेपाच घनमीटरच्या आत हवा असते. दार-खिडकी बंद असताना सारा प्राणवायू संपायला साधारण पंचवीस मिनिटे पुरतील, आणि ज्योत नीट जळेनाशी होते ती त्याच्या कितीतरी आधी. तिथून कार्बन मोनॉक्साइड तयार होऊ लागतो. तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतो. त्याला रंग नाही, वास नाही. सिलिंडरच्या गॅसला मुद्दाम मिसळलेला उग्र वास फक्त न जळलेल्या गॅसची सूचना देतो. म्हणून वास येत नाही याचा अर्थ सारे ठीक आहे, असा नव्हे.

आमच्या घणसोलीच्या घरी हे मी जवळून पाहिले. गीझर बाथरूमच्या आतच बसवून दिला होता. रविवारी एकामागून एक तिघांच्या आंघोळी झाल्या की आईला गरगरे, आणि आम्ही ते पित्तावर ढकलत होतो. तपासायला आलेल्या दुसऱ्या मिस्त्रीने गीझर लावून समोरच्या लहान काचेतून ज्योतीकडे पाहिले आणि म्हणाला, “काकू, ज्योत निळी पाहिजे, ही पिवळी मारतेय.” बर्नरच्या फटींत कपड्यांची लव आणि काजळी अडकली होती, आणि काचपट्ट्यांच्या खिडकीवर डास येऊ नयेत म्हणून आम्हीच आतून प्लॅस्टिक चिकटवले होते. त्याने आधी ते प्लॅस्टिक फाडले, मग पान्याला हात घातला.

इथल्या गॅस गीझरच्या इतर तक्रारी त्या मानाने निरुपद्रवी आहेत. ठिणगीचे दोन सेल संपतात. गच्चीवरच्या टाकीच्या लगेच खालच्या मजल्यांवर पाण्याला दाब मिळत नाही, कारण दहा मीटर उंचीला कुठे एक बार दाब होतो, आणि त्यामुळे गीझरमधला पाण्याच्या दाबाने सरकणारा रबरी पडदा पुरेसा ढकलला न जाऊन गॅसची झडप उघडत नाही. ही रचना म्हणजे पाणी नसताना आग पेटू नये याची तजवीज आहे; आजी पाणी भरल्यावरच काडी ओढत असे, तेच काम हा रबरी पडदा करतो.

बाथरूमऐवजी ड्राय बाल्कनीत, म्हणजे धुण्याभांड्यांच्या लहान बाल्कनीत, गीझर लावण्याची चाल पुढे वाढली आणि ती योग्यच होती, जोवर बाल्कनी उघडी होती. पाऊस, कबुतरे आणि जागेची टंचाई यांमुळे अनेकांनी तिला सरकत्या काचा बसवल्या, आणि या नव्या पडवीला चौथी भिंत आली. आता बाजारात बंद ज्वलनकक्षाचे गीझर मिळतात. त्यांत एकात एक अशा दोन नळ्या असतात. पंखा आतल्या नळीतून जळलेला वायू इमारतीबाहेर ढकलतो आणि भोवतीच्या पोकळीतून बाहेरची ताजी हवा ज्योतीपर्यंत येते, त्यामुळे खोलीतल्या हवेला ती आग शिवतही नाही. हे गीझर साध्यापेक्षा बरेच महाग आहेत, आणि ती नळी बाहेर काढण्यासाठी भिंतीला साधारण चार इंचांचे भोक लागते. नौपाड्यात सध्या ज्या जुन्या इमारतींचा पुनर्विकास चालू आहे, त्यांच्या नकाशांत ड्राय बाल्कनीच्या भिंतीला हे भोक आधीच ठेवता येईल, स्लॅब आणि विटा पूर्ण होण्याच्या आत.